जूनच्या आधीच भरलेल्या भिंती

मे महिना सरत आला की मराठवाड्यात दोन धंदे तेजीत येतात. एक बी-बियाण्यांचा, दुसरा शाळा रंगवण्याचा. बाहेर ऊन मी म्हणत असतं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेच्या व्हरांड्यात शिडी लावून पेंटर हत्तीच्या सोंडेवर शेवटचा हात फिरवत असतो. खाली गुरुजी मोबाइल धरून उभे. मोबाइलमध्ये दुसऱ्याच कुठल्या तरी जिल्ह्यातल्या शाळेचा फोटो. ‘असंच पाहिजे, फक्त जिराफ जरा मोठा घ्या.’ पोरं मामाच्या गावाला गेलेली. आत मॅडम पदरमोड करून आणलेल्या घोटीव कागदाच्या पताका कापतायत. जूनच्या मध्याला शाळा उघडणार, प्रवेशोत्सव होणार, दारात फुग्यांची कमान आणि सेल्फी पॉइंट लागणार. त्याच्या आत वर्ग तयार झालाच पाहिजे.

वर्गाला ‘थीम’ देण्याची ही हौस आता सगळीकडे आहे. अमेरिकेत शिक्षक ऑगस्टमध्ये हेच करतात. तिकडे जंगल, समुद्र, अंतराळ असे तयार संच दुकानांत मिळतात. आपल्याकडे पेंटर आणि फ्लेक्सवाला मिळून तेच काम भागवतात. गेल्या काही वर्षांत राज्यभर सर्वात गाजलेली थीम म्हणजे आगगाडी. व्हरांड्याची भिंत निळी, वर्गाच्या खिडक्या झाल्या डब्याच्या खिडक्या, खाली काळी चाकं आणि वर ‘शिक्षण एक्सप्रेस’ अशी पाटी. बिडकीनचंच उदाहरण घ्या. हे संभाजीनगर–पैठण रस्त्यावर साधारण मध्यावरचं गाव. या रस्त्यावर एसटी आहे, ट्रेलर आहेत, डंपर आहेत, वडाप आहे. रेल्वे तेवढी नाही, पैठणलाही नाही. तरी भिंतीवरची गाडी मुलांना आवडते, हे मान्य करायला हवं. पहिल्या आठवड्यात खिडकीशी बसण्यावरून भांडणंही होतात. पोळ्यापर्यंत त्या गाडीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे आणि ते कष्टाळू शिक्षकांना थोडं लागेल. मुलं यायच्या आधी जी खोली पूर्ण होते, ती मुलांसाठी पूर्ण झालेली नसते. ती पालकासाठी होते, केंद्रप्रमुखासाठी होते, विस्तार अधिकाऱ्याच्या भेटीसाठी होते आणि हल्ली सर्वात जास्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायच्या फोटोसाठी होते. मूल आत येतं तेव्हा त्याच्या वाट्याला करण्यासारखं काहीच उरलेलं नसतं. त्याने बघायचं, आणि हात लावायचा नाही, कारण रंग खराब होतो.

हे म्हणताना शिक्षकांची टवाळी करायची नाही. भिंत रंगवण्यामागे एक जुनं दुखणं आहे. गावातल्या माणसाला आपली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे पोपडे आलेला पिवळा चुना, फुटकी कौलं किंवा तापलेले पत्रे, आणि फाटकी बस्करपट्टी, हेच चित्र वर्षानुवर्षं दिसलं. मराठवाड्यात निजामकालीन खोल्यांतून भरणाऱ्या शाळांचा प्रश्न अजून पुरता मिटलेला नाही. समोरच्या रस्त्यावरून मात्र सकाळी पिवळ्या बस जातात. बिडकीन परिसरात हे अधिकच बोचतं. औरिक या औद्योगिक नगरीच्या बिडकीन क्षेत्राचं लोकार्पण २९ सप्टेंबर २०२४ ला झालं. ७,८५५ एकर जमीन, ६,४०० कोटींहून अधिक खर्च. ज्या घरात जमिनीच्या मोबदल्याचा पैसा आला, त्या घराला इंग्रजी शाळेची फी जड वाटत नाही. पोरगं बसमध्ये बसलं की इकडे पट एकाने कमी होतो. पट घसरला की संचमान्यतेत शिक्षकाचं पद जातं, आणि मग उरलेल्या एकट्या गुरुजीने दोन-तीन वर्ग एकत्र घेऊन बसायचं. त्यामुळे रंगवलेली भिंत ही शाळेची जाहिरात असते, आणि ती जाहिरात चालते. कळकट शाळेत पोर घालायला जो बाप तयार नव्हता, तो रंगीत शाळेच्या दारात निदान थांबतो. जगण्यासाठी केलेल्या खटपटीला सजावटीची चैन म्हणणं अन्यायाचं होईल.

पण दाराबाहेरची भिंत आणि दाराआतली भिंत यांचं काम एक नाही. बाहेर हवी तेवढी आगगाडी काढा. आत आल्यावर प्रश्न बदलतो.

आपल्याकडे हा प्रश्न कसा बदलत गेला ते पाहण्यासारखं आहे. १९८७ मध्ये केंद्राने ‘खडू-फळा’ योजना आणली तेव्हा मागणी अगदी साधी होती. शाळेला निदान दोन खोल्या असाव्यात, दोन शिक्षक असावेत, फळा, नकाशे, काही खेळणी असावीत. १९९४ मध्ये जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी बसलेला डीपीईपी, सुरू झाला. महाराष्ट्रातल्या पहिल्या पाच जिल्ह्यांत तेव्हाचा औरंगाबाद होता. त्यात शाळेला वर्षाला २,००० रुपये आणि प्रत्येक शिक्षकाला शैक्षणिक साहित्यासाठी ५०० रुपये मिळत. पाचशे रुपयांत फ्लेक्स होत नव्हता, आणि तेव्हा फ्लेक्स नव्हताही. मग चिंचोके, मणी, काड्यापेट्या, जुन्या लग्नपत्रिका, सायकलची ट्यूब यांतून साहित्य तयार व्हायचं. ते ओबडधोबड असायचं, पण करणाऱ्याला ते कशासाठी केलं हे नेमकं ठाऊक असायचं. दशक-एकक शिकवायला दहा काड्यांचा गठ्ठा बांधणारा शिक्षक गठ्ठा सोडून दाखवू शकतो. भिंतीवर रंगवलेला काड्यांचा गठ्ठा सुटत नाही.

पुढे ‘बोलक्या भिंती’ आल्या. त्यामागची मूळ कल्पना चांगली होती. दिल्लीच्या ‘विन्यास’ संस्थेत कबीर वाजपेयी या वास्तुरचनाकाराने ‘बाला’ नावाने ती मांडली, म्हणजे इमारतीनेच शिकवायला मदत करावी. तिच्यातली एक गोष्ट मला आजही फार हुशारीची वाटते. वर्गाचं दार उघडतं तिथे खाली जमिनीवर कोन आखायचे. दार किलकिलं केलं की तीस अंश, अर्धं उघडलं की पंचेचाळीस, सताड उघडलं की नव्वद. इथे दार हलतं, ढकलणारं मूल असतं, आणि कोन म्हणजे वळणं हे त्याच्या खांद्याला कळतं. खिडकीच्या गजांची नक्षी अशी करायची की बोट फिरवून अक्षराची वळणं गिरवता येतील, हीही त्याच जातीची युक्ती. या युक्त्यांतल्या भिंती बोलत नव्हत्या, कामाला लागत होत्या. प्रसार झाला तो मात्र बोलण्याचा. सुविचार, राष्ट्रपुरुषांची चित्रं, महिन्यांची नावं, राज्यांच्या राजधान्या, सगळं ऑइल पेंटमध्ये, कायमचं.

कुमठे बीटचंही असंच झालं. सातारा तालुक्यातलं हे बीट, विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने, ज्ञानरचनावादी पद्धतीसाठी राज्यात गाजलं. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ सुरू झाला तेव्हा गाड्या भरभरून शिक्षक तिकडे जाऊन आले. तिथे फरशीवर वर्तुळं, चौकटी, अंकांचे रकाने आखले होते आणि मुलं गटागटाने जमिनीवर बसून त्यावर काम करत होती. पाहून आलेल्यांनी परत येऊन काय केलं? फरशी रंगवली. ते सोपं होतं, आठवड्यात होत होतं, फोटोत दिसत होतं. मुलं गटात काय बोलतात, चुकलेल्याला दुसरं मूल कसं सांगतं, त्या वेळी शिक्षकाने किती गप्प बसायचं, हे फोटोत दिसत नव्हतं. दिवाळीपर्यंत शंभर पायांनी ती फरशी घासून फिकट होते आणि मग पुढच्या मे महिन्यात पुन्हा तीच चौकट, त्याच जागी. कुमठ्याला जे चाललं ते मन लावून चाललं असणार, याबद्दल शंका नाही. नक्कल झाली ती रंगाची.

मग स्पर्धा आली. ‘मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा’ या अभियानाचा पहिला टप्पा २०२४ च्या सुरुवातीला झाला, दुसरा त्याच वर्षी पावसाळ्यात. राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला ५१ लाख. इतकी मोठी रक्कम जिल्हा परिषदेच्या शाळेने आयुष्यात कधी पाहिली नव्हती. त्याच वेळी समग्र शिक्षा योजनेतून ३१ ते १०० पटाच्या शाळेला वर्षाला मिळणारं संयुक्त अनुदान २५ हजारांचं. त्यात खडू, झाडू, दुरुस्ती आणि स्वच्छता सगळं आलं. उरलेलं लोकवर्गणीतून आणि शिक्षकांच्या खिशातून. बक्षीस आणि अनुदान यांत एवढं अंतर असलं की माणूस दिसणाऱ्या गोष्टीवर खर्च करणार, यात नवल नाही.

आता दाराआतल्या भिंतीकडे येऊ. अमेरिकेत अ‍ॅना फिशर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बालवर्गातल्या २४ मुलांना काही धडे चित्रांनी भरलेल्या खोलीत दिले, काही रिकाम्या भिंतींच्या खोलीत. भरलेल्या खोलीत मुलांचं लक्ष धड्याबाहेर जायचा वेळ सुमारे ३९ टक्के निघाला, रिकाम्या खोलीत २८. धड्यावरच्या प्रश्नांची बरोबर उत्तरं भरलेल्या खोलीत ४२ टक्के, रिकाम्या खोलीत ५५. प्रयोग छोटा आहे, मुलं परदेशातली आहेत, त्यावरून आपल्या सगळ्या भिंती खरवडायचं कारण नाही. पण ज्या वयाच्या मुलांचं लक्ष वाऱ्यावर असतं, त्यांच्याच वर्गात आपण सर्वात जास्त रंग ओततो, हे खटकावं इतपत तो पुरेसा आहे. नववीचा वर्ग कुणी जंगल करत नाही.

त्याहून उपयोगी काम इंग्लंडच्या सॅलफर्ड विद्यापीठातलं. पीटर बॅरेट आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये २७ शाळांतल्या १५३ वर्गांचा आणि ३,७६६ मुलांचा अभ्यास मांडला. खोलीच्या रचनेमुळे मुलांच्या वर्षभराच्या प्रगतीत पडणारा फरक त्यांनी मोजला आणि तो सुमारे १६ टक्के आला. यातला जवळजवळ निम्मा वाटा उजेड, हवा आणि तापमान यांचा. उरलेल्यात जवळपास सारखे दोन वाटे. एक रंग आणि भिंतीवरची गर्दी यांचा, आणि तिथेही मध्यम बरं, फार भरलेलं आणि अगदी ओसाड दोन्ही वाईट. दुसरा वाटा खोली मुलांना आपली वाटते की नाही आणि ती त्यांच्या वयाला जुळते की नाही याचा. हे वाचताना मला पत्र्याच्या खोल्या आठवल्या. मार्च-एप्रिलात शाळा सकाळची करूनही अकरा वाजता ज्या खोलीत डोकं तापतं, तिथे भिंतीवर हिमालय आणि पेंग्विन. त्याच पैशात पत्र्याखाली छत बसलं असतं, किंवा बंद पडलेली मागची खिडकी उघडून तिला जाळी बसली असती. पण उघडलेल्या खिडकीचा फोटो काढून काय टाकणार?

उंचीचंही पाहा. पहिलीतलं मूल साडेतीन-पावणेचार फूट उंच असतं आणि आपल्याकडे ते जमिनीवर बसतं. बसलेल्या मुलाची नजर दोन फुटांच्या आतच. त्या उंचीवर भिंतीला काय असतं? डागळू नये म्हणून मारलेला तपकिरी ऑइल पेंटचा पट्टा. अक्षरांचे तक्ते त्याच्या वर, सहा-सात फुटांवर, कारण खिळे तिथे आहेत आणि मुलांचे हात तिथे पोचत नाहीत. म्हणजे मुलांच्या हाताला लागू नयेत अशाच जागी मुलांसाठीचे तक्ते लावले जातात. ‘ए एडक्याचा, ऐ ऐरणीचा, औ औताचा.’ ज्या गावात नांगरट ट्रॅक्टरने होते आणि ज्या घरातला बाप चितेगावच्या कंपनीत मशिनवर असतो, त्या घरातल्या मुलाला ऐरण फक्त या तक्त्यावर भेटते, तीही मान मोडेपर्यंत वर बघून.

मुलाच्या उंचीची खोली ही कल्पना मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोमच्या गरीब वस्तीत अमलात आणली. ती मराठी मातीत कशी उतरवायची, याचा खरा विचार ताराबाई मोडकांनी केला. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून त्या परतल्या आणि १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्या सोबत आल्या. मॉन्टेसरीचं साहित्य महाग होतं आणि गावात परवडणारं नव्हतं. म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, दगड यांतून साहित्य उभं राहिलं. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, तिथे वारली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. कुरणशाळेला भिंत नव्हती, त्यामुळे ती रंगवायचा प्रश्नच आला नाही. वर्गाची थीम काय, असं कुणी विचारलं असतं तर गुरं, गवत, ओढा हेच उत्तर होतं, आणि ते मुलांनी घेऊन यायचं होतं. आज ताराबाई-अनुताईंची नावं भिंतीवर रंगवली जातात. त्यांची पद्धत भिंतीवर मावत नाही.

मग बिडकीनच्या वर्गाची थीम काय असावी? घाईने कुणी सांगेल, कारखाने काढा, औरिक काढा. म्हणजे जिराफाच्या जागी धुराडं. त्यानेही काही साधणार नाही. मुलांच्या डोळ्यांसमोर हा परिसर पार पालटतोय. ज्या शेतात आजोबांनी कापूस वेचला, तिथे आज रुंद सिमेंटचे रस्ते आहेत, रात्री त्यांवर दिव्यांची रांग असते आणि काही ठिकाणी अजून एकही इमारत नाही. ट्रेलरवर लादून काय जातं, दिवे कुणासाठी लागतात, विहीर बुजवली तर पाणी कुठे गेलं, हे मुलं आपापसात बोलतात. या प्रश्नांना भिंतीवर जागा हवी, मुलांच्या अक्षरांत, चुकीच्या वेलांटीसकट. वर्गात तांड्यावरून येणारं, घरी गोरमाटी बोलणारं मूल असतं. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या परप्रांतीय कामगाराचं हिंदी-भोजपुरी बोलणारं मूल असतं. अननस-आंब्याचा तक्ता या सगळ्यांना सारखाच परका. घरात ज्या वस्तूला जे म्हणतात ते त्या त्या मुलाने सांगावं, शिक्षकाने लिहावं, शेजारी मराठी शब्द यावा, असा तक्ता ऑगस्टपर्यंत भरत जातो. तो मे महिन्यात छापून मिळत नाही, कारण मे महिन्यात कुणाला माहीत असतं, या वर्षी वर्गात कोण येणार?

पक्ष्यांचंच घ्या. शाळांच्या भिंतींवर पेंग्विन आणि शहामृग यांना मोठी मागणी आहे. बिडकीनपासून तासाभरावर जायकवाडीचा नाथसागर. १९८६ पासून ते पक्षी अभयारण्य आहे आणि हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी उतरतात. ते हिवाळ्यात उतरतात, हा मुद्दा. जूनमध्ये भिंत भरून टाकली की नोव्हेंबरमध्ये त्यांना जागा कुठे? आपल्या घरांच्या भिंतींना हे शहाणपण होतं. श्रावणात जिवतीचा कागद लागायचा, नागपंचमीला नाग काढला जायचा, पोळ्याला बैल, दिवाळीला पुन्हा सारवण. भिंत वर्षाबरोबर चालायची. शाळेची भिंत मात्र जूनमध्ये एकदा थांबते ती पुढच्या मेपर्यंत.

मुलांना विचारलं तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. २०२० मध्ये गाडीवाट या गावच्या जिल्हा परिषद शाळेची बातमी देशभर गेली. मुलांनी कोणती परदेशी भाषा शिकायची ते स्वतः निवडावं, असं शाळेने ठरवलं. मुलांना रोबोटिक्समध्ये गोडी होती, म्हणून त्यांनी जपानी निवडली आणि ती शिकायला लागली. शाळेने आधी भिंतीवर साकुरा आणि फुजी पर्वत रंगवून ‘जपान थीम’ केली असती तर? मुलांनी कौतुकाने पाहिलं असतं, आणि जपानी कुणी शिकलं नसतं.

यावर शिक्षकांचा आक्षेप मला ऐकू येतो आणि तो खोटा नाही. रिकामी भिंत ठेवायला काही लागत नाही, ती भरत न्यायला मात्र वर्षभर लागतं. एका खोलीत पहिली ते चौथी, एकच शिक्षक, त्यावर बीएलओचं काम, पोषण आहाराचा हिशेब, ऑनलाइन माहित्या, मध्येच निवडणूक. यात मुलांकडून तक्ते भरून घ्यायचे कधी? शिवाय जागा कोरी सोडली की शिक्षण आपोआप होतं, हाही भाबडेपणाच. बालभारतीच्या पुस्तकांत वहीची कोरी पानं घालण्याचा प्रयोग २०२३-२४ पासून झाला. मुलांनी तिथेच टिपणं करावीत, दप्तर हलकं व्हावं, असा हेतू. वह्या काही सुटल्या नाहीत, कोरी पानं बऱ्याच ठिकाणी कोरीच राहिली, आणि २०२५ च्या सुरुवातीला सरकारने तो निर्णय मागे घेतला. त्या पानाचं काय करायचं हे वर्गात कुणी ठरवलं नव्हतं. भिंतीचंही तेच होईल. जुलैअखेर कोरी राहिलेली भिंत पाहून पालक म्हणेल, इथे काही चालत नाही, आणि तो अगदीच चुकीचा ठरणार नाही.

म्हणून मे महिन्यात काम कमी करा असं माझं म्हणणं नाही. काम वेगळं करा. तपकिरी पट्टा काढून तिथे, जमिनीपासून तीन फुटांपर्यंत, काळा किंवा हिरवा फळ्याचा रंग मारून घ्या. चारही भिंतींना, मुलांच्या हाताला येईल असा. मोठ्या रंगकामाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे आणि पहिलीच्या मुलाला स्वतःचा दोन फूट फळा मिळतो. त्याच्या वर दोन आडव्या दोऱ्या ताणा, चिमटे लावा. ‘तरंग वाचना’साठी आपण छतातून शब्दपट्ट्या लोंबकळत सोडतो आणि वाऱ्याने त्या गोल फिरत राहतात. त्याच पट्ट्या या दोरीवर आल्या तर मूल त्या काढून हातात घेऊ शकेल. कपाटातली गोष्टीची पुस्तकं कुलपातून काढून खालच्या फळीवर ठेवा. फाटतील, फाटू द्या. गळणारा पत्रा पाहा, कारण पहिल्या मोठ्या पावसाला सर्वात आधी तक्ता भिजतो आणि दुसऱ्या वर्षी वाळवी लागते. ज्या मुलांची नावं पटावर आली आहेत, त्यांची नावं मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या उंचीवर लावा. शाळेच्या पहिल्या दिवशी भिंतीवर वाचण्यासारखी तेवढी एक गोष्ट पुरे. आपलं नाव कुठलं, हे शोधण्यात पहिली जाते.

आणि हो, एक चित्र पेंटरकडून काढून घ्यायचं असेल तर घ्या. कोपऱ्यात एक, मनासारखं. मुलांनाही देखण्या गोष्टींची भूक असते. रुक्ष वर्ग म्हणजे खरा वर्ग असं मानणारे शिक्षणतज्ज्ञही मी पाहिलेत, त्यांच्या वर्गात मला बसवलं तर मीही खिडकीबाहेर बघेन. प्रश्न प्रमाणाचा आहे, आणि ते ठरवण्याचा हक्क मुलांसाठी राखून ठेवण्याचा.

एकट्या शिक्षकाने हे केलं तर तो तपासणीत मागे पडेल, ही भीती खरी आहे. विस्तार अधिकारी जूनमध्ये येतात, शेजारच्या गावची शाळा झगमगते, याची अर्धी रिकामी. त्यामुळे बदल तपासणीपासून व्हावा लागेल. स्पर्धेचे गुण, भेटीचा अहवाल, सगळीकडे एक साधी अट घालता येईल. प्रत्येक वर्गाच्या भिंतींचे फोटो दोनदा घ्यायचे, एकदा जूनमध्ये आणि एकदा फेब्रुवारीत. दोन्ही फोटोंत भिंत तीच असेल तर गुण कापायचे, मग ती कितीही सुंदर असो. फेब्रुवारीच्या फोटोत मुलांच्या हातची किती कामं आहेत, किती मुलांची आहेत आणि ती हुशार चार-पाच जणांचीच आहेत का, एवढं मोजायचं. केंद्रप्रमुखाला त्यासाठी नवं प्रशिक्षण लागणार नाही. कॅमेरा त्याच्या खिशात आहेच, आणि जूनचे फोटो तर ग्रुपवर आधीच पडलेले असतात.